दम लवकर येतो, हाडाला वेळ लागतो: नवख्या धावकांची नडगी आणि बुटांची निवड

दिवाळी आटोपली, पहाटेची हवा बोचरी झाली की नागपुरात धावणाऱ्यांची गर्दी वाढते. सिव्हिल लाइन्सच्या वॉकर स्ट्रीटवर, अंबाझरीला, फुटाळ्याच्या काठाने, रेशीमबागेच्या मैदानावर. त्यातले नवखे साधारण दोन प्रकारचे. एक म्हणजे पोलीस भरतीच्या ग्राउंडची तयारी करणारी विशी-बाविशीतली पोरं-पोरी. दुसरे चाळिशी ओलांडलेले, शुगरचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी ज्यांना दम भरलाय ते. वय, कपडे, वेग सगळंच वेगळं. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोघंही एकाच जागी हात लावून कठड्यावर बसलेले दिसतात: गुडघ्याखाली, नडगीच्या आतल्या कडेला.

"काऊन बे, लंगडून राह्यला?"

"शिन पेन झालं ना भाऊ."

"मंग बूट बदल ना."

हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की बर्डीतल्या दुकानदारांनी खूश व्हावं. तो साफ खोटा नाही, पण त्यात क्रम उलटा झालाय. नडगी दुखण्याच्या कारणांमध्ये बूट बरेच खाली येतात. सगळ्यात वर असतं हाडाचं स्वतःचं वेळापत्रक. ते एकदा कळलं की बूट निवडणंही फारसं अवघड राहत नाही.

दुखतं ते नेमकं काय

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडं असतात. आतल्या बाजूचं जाड हाड म्हणजे टिबिया. समोरून हात फिरवला तर कातडीखाली थेट लागतं तेच. बाहेरच्या बाजूचं फिब्युला बारीक असतं आणि वजनाचा थोडासाच भाग पेलतं. धावणाऱ्यांचं नेहमीचं दुखणं टिबियाच्या आतल्या कडेला, बहुधा खालच्या अर्ध्या भागात होतं. डॉक्टर त्याला मीडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम म्हणतात. मैदानावर शिन पेन किंवा शिन स्प्लिंट्स म्हणतात.

ते का होतं, याची दोन स्पष्टीकरणं आहेत. जुनं असं की पोटरीचा खोल स्नायू, सोलिअस, आणि त्याच्या आसपासचे स्नायू हाडावरच्या पातळ आवरणाला ओढत राहतात आणि ते आवरण सुजतं. नवं स्पष्टीकरण हाडालाच जबाबदार धरतं. धावताना प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने उलट ढकलते. शिवाय पोटरीचे स्नायू आवळले जातात, त्यांचा दाब वेगळा. या सगळ्यात टिबिया किंचित वाकते. डोळ्यांना दिसणार नाही इतकी, पण वाकते. पाच किलोमीटर सावकाश धावलात तर सहा हजारांवर पावलं होतात, म्हणजे प्रत्येक नडगी तीन हजारांहून जास्त वेळा वाकून सरळ होते. आज बहुतेक तज्ज्ञ या दुसऱ्या स्पष्टीकरणाकडे झुकतात, पण आवरणाचा वाटाही कोणी पूर्ण नाकारत नाही.

वाकणं वाईट नाही. उलट हाड मजबूत होतं ते वाकल्यामुळेच. जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं होतं की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बदलत जाते. अडचण आहे ती या बदलाच्या पद्धतीत. नागपूरकराला ती सिमेंट रस्त्यावरून चटकन कळेल. महापालिका आधी जुना डांबरी रस्ता खोदून काढते, मग काँक्रीट ओतते, मग त्यावर पाणी मारत दिवस काढते, आणि तोवर ती बाजू वाहतुकीला बंद. हाडही असंच करतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी आधी थकलेला भाग कुरतडून काढतात. याला साधारण तीन आठवडे लागतात. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी तिथे नवं हाड भरतात, त्याला तीनेक महिने. म्हणजे धावायला लागल्यावर काही आठवडे नडगीचे काही भाग पूर्वीपेक्षा कमजोर असतात. खोदलेल्या बाजूवरून तुम्ही रोज ट्रक नेत असता.

आता याच्या शेजारी दम ठेवून पाहा. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढतं, धावण्याचा वेग तोच असताना हृदयाचे ठोके कमी होतात, धाप लागायची थांबते. स्नायूही महिना-दोन महिन्यांत तयार होतात. तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला वाटतं, जमतंय की! आणि अंतर दुप्पट होतं. नेमकं त्याच सुमारास हाडाची खोदाई चालू असते. सैन्यात नव्या भरती झालेल्यांमध्ये हे दुखणं इतकं का आढळतं, तेही यातूनच कळतं: घरून आलेल्या मुलाला अचानक रोजची धाव, कवायत आणि पाठीवर वजन.

अंगठ्याने दाबून बघा

खुर्चीवर बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि घोट्यापासून वर, टिबियाच्या आतल्या कडेने अंगठा दाबत जा. दुखणारी जागा चार बोटांच्या रुंदीएवढी किंवा त्याहून लांब, पसरलेली असेल, धावायला लागताना दुखून अंग तापल्यावर कमी होत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं ठसठसत असेल, तर बहुधा हेच नेहमीचं शिन पेन.

दुखणं एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत असेल आणि तिथे दाबल्यावर तुम्ही कळवळत असाल, तर गोष्ट वेगळी. धावताना दुखणं कमी न होता वाढतच जातं, एका पायावर उडी मारता येत नाही, रात्री झोपेत जाग येते, ही हाडाला बारीक तडा गेल्याची म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची लक्षणं असू शकतात. इथे धावणं त्याच दिवशी थांबवायचं आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायचं. खासगीत जायचं नसेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स आहेच. एक गोष्ट लक्षात असू द्या: असा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आला" म्हणून पुन्हा मैदानावर उतरणारे बरेच. संशय कायम असेल तर डॉक्टर एमआरआय सुचवतात आणि त्यामागे कारण असतं. तडा नडगीच्या समोरच्या धारेला असेल तर तो जास्त हट्टी, भरायला महिनोन्महिने घेतो.

तिसरा प्रकार फसवा आहे. धावायला सुरुवात केल्यावर ठरावीक वेळाने, समजा दहाव्या मिनिटाला, नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू दगडासारखा घट्ट होतो, पावलाला मुंग्या येतात किंवा पंजा जमिनीवर फटाफट आपटू लागतो. थांबलं की काही मिनिटांत सगळं ठीक. स्नायूंच्या आवरणातला दाब वाढल्याने हे होतं आणि यावर घरगुती उपाय फारसे चालत नाहीत. आणि धावण्याशी संबंध नसताना एकच पोटरी सुजली, लाल आणि गरम झाली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण मैदानावर ती कोणी बोलत नाही. धावणं वाढवल्यापासून पाळी लांबली किंवा बंद झाली असेल तर शरीराला अन्न कमी पडतंय आणि हाडं झिजतायत, असा त्याचा अर्थ असू शकतो. वजन कमी झालं म्हणून खूश होऊ नका, डॉक्टरांना सांगा. ड जीवनसत्त्वाचंही तेच. नागपूरसारखं ऊन असलेल्या शहरातही त्याची कमतरता सर्रास सापडते; आपण उन्हापासून पळतो आणि दुचाकीवर निघालो तर स्कार्फ-हातमोजांमधून डोळेच काय ते बाहेर. रक्त तपासूनच गोळी घ्या, शेजाऱ्याने सांगितली म्हणून नको.

आधी धाव कमी करा

शिन पेनवर सगळ्यात परिणामकारक उपाय कंटाळवाणा आहे: भार कमी करायचा आणि हळूहळू वाढवायचा. नेदरलँड्समध्ये २०१२ साली ७४ खेळाडूंवर झालेल्या चाचणीत तीन गट केले होते. एकाला फक्त टप्प्याटप्प्याने वाढवलेलं धावणं, दुसऱ्याला त्याच्या जोडीला पोटरीचे व्यायाम, तिसऱ्याला त्याच्या जोडीला घट्ट मोजे. तिन्ही गट जवळपास एकाच वेळी बरे झाले, आणि त्या सगळ्यांना सरासरी शंभरहून जास्त दिवस लागले. हा आकडा वाचून निराश व्हायला होतं, पण वर सांगितलेलं हाडाचं वेळापत्रक आठवलं तर तो अपेक्षितच वाटतो. "आठ दिवसांत शिन पेन गायब" असं म्हणणाऱ्या व्हिडिओला तुम्ही काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

पूर्ण विश्रांती मात्र सहसा लागत नाही. चालताना किंवा जिना चढताना दुखत असेल तर धावणं बंद, सायकल आणि पोहणं चालू. चालताना दुखत नसेल तर धावणं निम्म्यावर आणा, तेही एक दिवसाआड. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. धावताना दोनच्या आत राहिलं, वाढत गेलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना जाणवलं नाही, तर त्या दिवशीचा भार हाडाला झेपला. त्याहून जास्त असेल तर पुढच्या वेळी कमी करा. लंगडावं लागलं तर तिथूनच घरी, चालत.

दोन-तीन आठवडे धावणं पूर्ण थांबवावं लागलं असेल, तर परतण्याआधी अर्धा तास झपाझप चालून बघा. दुखलं नाही तर एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ-दहा वेळा. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं धावणं. आधी वेळ वाढवायचा, वेग त्यानंतर, आणि चढ-उतार सगळ्यात शेवटी. सेमिनरी हिल्सचा रस्ता सुंदर आहे, झाडी आहे, मोर दिसला तर दिवस चांगला जातो. पण उतारावर प्रत्येक पाऊल ब्रेक मारल्यासारखं पडतं, म्हणून नडगी बरी होईपर्यंत तिथे फक्त फिरायला जा.

दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, असा एक नियम सगळीकडे सांगितला जातो. ऐकायला शहाणपणाचा आहे. पण नेदरलँड्समधल्याच ग्रोनिंगेनमध्ये ५३२ नवख्या धावकांवर तो तपासला, तेव्हा दहा टक्क्यांनी वाढवणाऱ्या गटात आणि नेहमीच्या वेगाने वाढवणाऱ्या गटात दुखापती सारख्याच निघाल्या, पाचातल्या एकाला. म्हणून त्या टक्केवारीला पोथीसारखं मानू नका. एरवी तीन किलोमीटर धावणाऱ्याने रविवारी मित्रांच्या नादाने थेट दहा मारणं, ही उडी जास्त धोक्याची असते, आणि सकाळच्या पलंगाची परीक्षा कोणत्याही टक्क्यापेक्षा जास्त खरं सांगते.

भरतीच्या मुलांचा पेच वेगळा आहे, कारण त्यांच्यापुढे तारीख असते. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर धावणं २० गुणांचं, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५, मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. त्यामुळे बहुतेक जण रोज सकाळी घड्याळ लावून पूर्ण ताकदीने १६०० मारतात आणि रोज टाइम लिहून ठेवतात. याला तयारी म्हणण्यापेक्षा रोजची परीक्षा म्हणावं लागेल. माझं मत स्पष्ट आहे: आठवड्यात दोनदा वेगाची धाव पुरे, बाकीचे दिवस सावकाश, आणि निदान दोन दिवस पायांना पूर्ण सुट्टी. त्या दिवशी गोळ्याचं तंत्र शिका; १५ गुण तिथेही आहेत आणि नडगी मध्ये येत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की थोड्याशा आदळआपटीनंतर हाडाच्या पेशी नव्या भाराला प्रतिसाद देणं जवळपास थांबवतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा जाग्या होतात. म्हणजे तासभर सलग मैदान तुडवण्याचा बराचसा भाग हाडाच्या वाढीच्या दृष्टीने फुकट जातो. नुकसान मात्र मोजलं जातं.

पोटरीचे व्यायाम ७४ खेळाडूंच्या त्या चाचणीत वेगळे चमकले नाहीत, तरी मी ते सोडायला सांगणार नाही. धावताना सर्वांत जास्त राबणारा स्नायू सोलिअसच, आणि तो लवकर दमला की हाडाला वाकण्यापासून आवरणारं कोणी उरत नाही. जिन्याच्या पायरीवर पंजे टेकवून टाचा वर-खाली करा. एकदा गुडघे सरळ ठेवून, एकदा थोडे वाकवून. वाकवलेल्या गुडघ्याचा प्रकार खास सोलिअससाठी. बारा ते पंधराचे तीन फेरे, एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की एका पायावर. सलग वीस-पंचवीस एका पायावर जमायला लागले की पोटरी बरीच तयार झाली समजा.

पावलंही थोडी आखूड करून बघा. नवखा माणूस वेग वाढवायचा म्हणून पाय पुढे फेकतो, टाच शरीराच्या बरीच पुढे पडते आणि धक्का थेट नडगीत जातो. मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा आणि त्यात पाच ते दहा टक्के वाढ करा, वेग तोच ठेवून. सुरुवातीला दुडूदुडू धावल्यासारखं वाटतं, हसू येतं, पण प्रत्येक पावलाचा धक्का कमी होतो.

बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावला तर बरं वाटतं. हाड त्याने लवकर भरत नाही. तेल लावून पोटरी चोळायला हरकत नाही, पण नडगीच्या हाडावर बाटली किंवा लाटणं दाबून फिरवणं थांबवा. दुखऱ्या हाडाला रगडून काही सुटत नसतं. आणि वेदनाशामक गोळी घेऊन धावणं हा प्रकार सगळ्यात घातक. दुखणं हीच तुमच्याकडे असलेली एकमेव सूचना, तीच बंद करून टाकायची!

सिमेंटच्या रस्त्याला आपल्याकडे सगळा दोष दिला जातो. मऊ मातीवर धावायला मिळालं तर छानच, पण कडक पृष्ठभागावर शरीर आपोआप गुडघे-घोटे थोडे सैल ठेवून धक्का सांभाळतं, त्यामुळे फरक वाटतो तितका मोठा नसतो. मला जास्त त्रासदायक वाटतात ते रस्त्याच्या कडेचे उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि रस्त्याचा बाजूला उतरता ढाळ. रोज एकाच कडेने धावलात तर एक पाय कायम खालच्या बाजूला राहतो. मानकापूरच्या क्रीडा संकुलातल्या ट्रॅकवर धावणाऱ्यांनी वळणांचाही विचार करावा: सगळे एकाच दिशेने फिरतात, तेव्हा सावकाश धावायच्या दिवशी ट्रॅक सोडून सरळ रस्ता धरलेला बरा.

आता बूट

दुकानात गेलात की विक्रेता तुमचा तळवा बघतो, किंवा ओल्या पायाचा ठसा उमटवायला सांगतो. ठसा भरलेला असेल तर सपाट पाय, म्हणून पाय आत झुकू न देणारा कडक बूट. ठशात मधला भाग रिकामा असेल तर गादीचा बूट. हे दिसायला शास्त्रीय आहे. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअर या तिघांनी प्रशिक्षणार्थींवर ते तपासलं: निम्म्यांना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले, निम्म्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींमध्ये सांगण्यासारखा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावकांना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं, तिथेही पाय आत झुकणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. आपल्या जुन्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने झिजलीय म्हणून घाबरणारे पुष्कळ असतात. बहुतेकांची टाच तिथेच पहिल्यांदा टेकते, झीज तिथेच होणार.

मग बूट बिनमहत्त्वाचा का? तसंही नाही. लक्झेंबर्गमध्ये ८४८ धावकांना बाहेरून एकसारखे दिसणारे बूट दिले, काहींच्या तळाचा फोम मऊ, काहींचा कडक. कोणाला काय मिळालं ते त्यांना सांगितलं नाही. सहा महिन्यांत कडक बूटवाल्यांना दुखापती जास्त झाल्या. गंमत अशी की हा फरक हलक्या वजनाच्या धावकांमध्ये दिसला. जड माणसाला गादीचा बूट हवाच, हा दुकानातला ठाम सल्ला त्यामुळे थोडा लटका पडतो.

निवडीची सगळ्यात चांगली कसोटी जी आज हातात आहे ती अगदी साधी: पायाला जो सोयीचा वाटतो तो घ्या. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात आयुष्यभर बुटांचा अभ्यास केलेल्या बेनो निग यांनीही शेवटी याच सोयीच्या कसोटीची बाजू मांडली. पण सोय कळायला बूट घालून धावावं लागतं. स्टुलावर बसून, नाडी न बांधता कळत नाही.

तेव्हा संध्याकाळी दुकानात जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. ज्या मोज्यांवर धावता तेच घालून जा. दोन्ही पाय मोजा. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, माप त्याचं घ्यायचं. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर नखं काळी पडतात. पंजा दोन्ही बाजूंनी दाबला जात असेल तर "वापरून सैल होईल" हे ऐकून घेऊ नका. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने १ लाखाहून अधिक भारतीयांच्या पावलांचं मोजमाप केलं, त्यात आपले पाय पाश्चात्त्य पायांपेक्षा रुंद आढळले. आणि बाजारातले बहुतेक बूट पाश्चात्त्य साच्यावर बेतलेले. त्यामुळे एक नंबर मोठा घेण्याऐवजी त्याच नंबरात रुंद प्रकार मिळतो का ते विचारा. टाच मात्र मागे घट्ट बसायला हवी. थोडी निसटत असेल तर सगळ्यात वरच्या, सहसा रिकाम्या राहणाऱ्या भोकातून नाडी ओवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

मग बूट हातात घेऊन वाकवा. तो पंजाच्या सांध्याशी वाकायला हवा. बरोबर मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्या. शेवटी दुकानातच, जमलं तर बाहेरच्या फुटपाथवर, दोन मिनिटं धावा. लाज वाटेल. हजारो रुपये देताना ती बाजूला ठेवा.

बुटाच्या माहितीत ड्रॉप नावाचा एक आकडा असतो. टाचेखालची जाडी पंजाखालच्या जाडीपेक्षा किती मिलिमीटर जास्त आहे, ते तो सांगतो. शून्यापासून बारापर्यंत असतो. ड्रॉप कमी असला की पोटरी आणि टाचेमागच्या कंडरेवर (अकिलीस टेंडनवर) भार वाढतो, जास्त असला की गुडघ्याकडे थोडा सरकतो. नवख्याने आठ ते दहाच्या आसपास राहावं, कारण रोजचे बूट साधारण तसेच असतात आणि पोटरीला धक्का बसत नाही. कार्बन प्लेटचे दहा-पंधरा हजारांवरचे बूट तुमच्यासाठी नाहीत. ते शर्यतीच्या दिवसासाठी असतात. अडीच-तीन हजारांपासून सुरू होणारा साधा रनिंग बूट, शक्य तर मागच्या वर्षीचं सवलतीतलं मॉडेल, पहिल्या वर्षाला भरपूर झाला.

फर्स्ट कॉपीबद्दल दोन शब्द. वरून लोगो तोच, रंग तोच, किंमत पाव. पण धक्का लोगो शोषत नाही, तळाचा फोम शोषतो, आणि पैसे तिथेच वाचवलेले असतात. अंगठ्याने फोम दाबून पाहा. दगडासारखा लागला तर समजून जा. त्यापेक्षा त्याच किमतीतला अनोळखी कंपनीचा खरा रनिंग बूट बरा. शाळेचे कॅनव्हासचे पीटी शूज, क्रिकेटचे किंवा फुटबॉलचे खिळ्याचे बूट घालून १६०० मीटरची रोजची तयारी करणाऱ्यांनी मात्र "बूट बदल" हा सल्ला खुशाल ऐकावा.

काटोल, उमरेड, रामटेककडून येणारी काही मुलं अनवाणी धावतात आणि झकास धावतात. लहानपणापासून तशी सवय असेल तर त्यांना जबरदस्तीने जाड बुटात घालू नये. उलट, इंटरनेटवर वाचून शहरातल्या माणसाने एका रात्रीत अनवाणी व्हायचं ठरवलं तर त्याची पोटरी आणि पावलातली बारीक हाडं महिन्याभरात तक्रार करतात. बदल कोणत्याही दिशेने करा, आधी आठवड्यातून एक-दोनदा, पाच-दहा मिनिटं.

रनिंग बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. आठवड्याला १५ किलोमीटर धावत असाल तर आठ महिने ते वर्षभर. वरचं कापड चांगलं दिसत असतं, म्हणून लोक वापरत राहतात. फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्या आणि दाबल्यावर तो परत वर येत नसेल तर तो बूट भाजी आणायला ठेवा. परवडत असेल तर दोन वेगळ्या प्रकारचे जोड आलटून-पालटून वापरा. लक्झेंबर्गच्याच एका पाहणीत तसं करणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या होत्या.

एप्रिल-मेमध्ये बूट स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका. ४५ अंशांच्या उन्हात आत भट्टी होते आणि तळाचा चिकटवलेला थर सुटायला लागतो. पावसात भिजले तर उन्हात किंवा हीटरसमोर न ठेवता आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवा. नवतपाच्या आसपास बहुतेकांचं धावणं बंद पडतं. पहिल्या पावसानंतर पुन्हा सुरू कराल तेव्हा मार्चमध्ये जितकं धावत होतात त्याच्या निम्म्यावरून करा, आणि तर्री-पोह्यांच्या ठेल्यापर्यंतचं अंतर पहिले दोन आठवडे चालत गेलात तरी चालेल.